सेकंडहँड फोर बाय फोर स्कॉर्पिओ : ठाणे–टोकावडे वापरानंतरचा अनुभव

मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळ आमची वाडी आहे. मुख्य रस्ता सोडला की शेवटचा टप्पा कच्चा, आणि त्यातला एक चढ असा की पाऊस नीट लागला की साधी गाडी खालीच लावायची आणि खताच्या गोण्या डोक्यावरून वर न्यायच्या. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून आवणी ते कापणी त्यांचं वाडीवर येणंच बंद झालं होतं. घर ठाण्यात, कासारवडवलीला. त्यामुळे आठवडाभर घोडबंदर रोडवर चालेल, शनिवारी माणसं आणि गोण्या दोन्ही घेईल आणि भर पावसात तो चढ चढेल, अशी एकच गाडी हवी होती. नवी घ्यायचं बजेट नव्हतं.

मनात खरं तर व्हॅन होती. पण फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणारी, व्हॅन आपल्याकडे जवळजवळ मिळतच नाही. जपानमध्ये मित्सुबिशीची डेलिका फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मिळते. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मित्सुबिशीच्याच एल ३०० वरून व्हॉयेजर काढली होती, पण तिला फक्त मागच्या चाकांची ओढ होती आणि ती फार वर्षं चाललीही नाही. ओम्नी आणि ईको मागच्याच चाकांवर चालतात. जिप्सी चिखलात उत्तम, पण पेट्रोलची आणि आत जागा कमी. फोर्सच्या गुरख्याला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग) लॉक करता येतो, ती मला मनापासून आवडते. पण आमच्या बजेटमध्ये सेकंडहँड आणि चांगल्या अवस्थेतली सापडली नाही. शेवटी मागे समोरासमोर आडव्या सीट असलेली स्कॉर्पिओ फोर बाय फोर हेच उत्तर ठरलं. त्या सीट बाजूला उभ्या दुमडल्या की मागे व्हॅनसारखीच मोकळी जागा होते. गाडी २०१६ ची, २१७९ सीसीचं एमहॉक डिझेल इंजिन, नाशिक पासिंग, एमएच-१५.

गाड्या पाहायला सुरुवात केली तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. विकणारा बॉनेट उघडून दाखवतो, सीट कव्हर दाखवतो, म्युझिक सिस्टिम लावून दाखवतो. गाडीखाली कोणी नेत नाही. आमचे वागळे इस्टेटमधले मिस्त्री मात्र गाडीपाशी पोचले की आधी पुठ्ठा अंथरून खाली सरकायचे. तुर्भ्याजवळ एका डीलरकडे चकाचक पांढरी गाडी होती, किंमतही मोहात पाडणारी. मिस्त्रींनी मला सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायला सांगितला. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. मग सीटच्या रेलवरचा गंज दिसला आणि पुढच्या कार्पेटखालच्या फोमचा कुबट वासही आला. गाडी पाण्यात बुडालेली होती. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला जो पूर आला, त्यात किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. बुडालेली गाडी काही महिने चालते, मग एकेक कनेक्टर हिरवा पडायला लागतो. ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आता फोर बाय फोरचं. हे सविस्तर लिहिते, कारण मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नव्हतं.

या गाडीत डॅशबोर्डवर एक नॉब असतो : टू एच, फोर एच, फोर एल. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. फोर एचला ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) पुढच्या प्रोपेलर शाफ्टलाही, म्हणजे ताकद पुढे नेणाऱ्या दांड्यालाही, ताकद देते. फोर एलला तीच ताकद खालच्या गिअरिंगमधून जाते, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. त्यासाठी गाडी थांबवून, क्लच दाबून नॉब फिरवायचा. पण पुढच्या चाकांचे हबही (चाक शाफ्टला जोडणारे मधले भाग) लॉक व्हावे लागतात आणि ते व्हॅक्यूमवर, म्हणजे पाइपांतून हवा ओढून, होतात. म्हणजे डॅशबोर्डवर फोर एचचा दिवा लागला तर ट्रान्सफर केसने काम केलं एवढंच कळतं. हबने केलं का, हे तो दिवा सांगत नाही.

ते तपासायची सोपी रीत मिस्त्रींनी दाखवली. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं. टू एचला ते हाताने मोकळं फिरलं पाहिजे. फोर एच टाकल्यावर मात्र ते अडलं पाहिजे. अडलं नाही, तर दोनपैकी निदान एक हब लॉक होत नाहीये. चाकाशी हात घालताना गाडीत एक माणूस ब्रेकपाशी बसलेला असू द्या, आणि गाडीखाली कोणीही जायचं नाही.

आम्ही घेतलेल्या गाडीत फोर एच टाकल्यावरही चाक गरागरा फिरलं. दिवा मात्र छान पेटलेला. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमच्या पाइपांजवळ कान नेला, पाइप बोटांनी दाबत दाबत पुढे गेले आणि एका वळणावर सुसू आवाज थांबला. रबर कडक होऊन तडकलेलं. पाइप शे-दीडशे रुपयांचा, पण त्यामुळे गाडी नावाची फोर बाय फोर झाली होती. आधीच्या मालकांनी सहज सांगितलं, ‘ताई, आम्ही ते फोर-बीर कधी टाकलंच नाही, त्यामुळे तो भाग एकदम नवा आहे.’

इथेच माझं सगळ्यात ठाम मत सांगते. फोर बाय फोरचा भाग न वापरल्यामुळे नवा राहत नाही. न वापरल्यामुळेच तो जातो. नॉब फिरवल्यावर ट्रान्सफर केसचा गिअर बदलणारी शिफ्ट मोटर जागच्या जागी धरते, पाइप तडकतात, ऑइल एका बाजूला बसून राहतं आणि वरचे भाग कोरडे पडतात, हबमध्ये ओल शिरून गंज धरतो. वर्षानुवर्षं न सरकवलेल्या कडीसारखं होतं ते. त्यामुळे ‘कधी वापरलं नाही’ असं ऐकलं की किंमत वाढवायची नाही, कमी करायची. आम्ही ती केली आणि तेवढ्या पैशांत पाइप, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरचं एक फाटलेलं रबरी बूट (आवरण) आणि चारही ऑइलं झाली. चारही म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल आणि मागचं. इंजिन ऑइल सगळेच बदलतात, ही चार सगळेच विसरतात. गाडी घेण्याआधी डिफरन्शियलचा प्लग उघडून ऑइलचा रंग जरूर पाहा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.

कागदांचं काम वेळखाऊ, पण अवघड नाही. नाशिकहून फॉर्म २८ ची एनओसी, आधीच्या कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, मग ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलत नाही, एमएच-१५ च राहिला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर इन्शुरन्स आणि फिटनेसची तारीख दिसते. जुनी ई-चलनं मालकाकडून भरून घ्या. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीये का तेही पाहा. डिझेल गाडीला दिल्लीत घातली गेली तशी दहा वर्षांची मर्यादा आपल्याकडे नाही. आरसी १५ वर्षांची, पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण.

मागच्या मालकाने पुढे लोखंडी बुल बार लावला होता. तो आम्ही पहिल्याच आठवड्यात काढला. २०१७ च्या शेवटी केंद्राने त्यावर बंदी घातलीये, आणि मुळात तो एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो, धडकेचा मार थेट चासीवर नेतो आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याची फार वाईट अवस्था करतो. दिसायला रुबाबदार असला तरी ठेवू नका.

पावसाळ्यात गाडीने कमाल केली. जुलैत त्या चढाच्या पायथ्याशी थांबून फोर एल टाकलं, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम. खाचराच्या बांधावरून पाणी सरळ रस्त्यावर उतरत होतं. गाडी एकदा थोडी तिरकी सरकली, मग पुढच्या चाकांनी धरलं आणि एका लयीत वर गेली. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. वर पोचल्यावर त्या पहिल्यांदा रोपांकडे गेल्या, मग बाकी सगळ्यांशी बोलल्या. गाडीची किंमत माझ्यापुरती तिथेच वसूल झाली.

उतरताना फोर एलचा उपयोग चढण्यापेक्षाही जास्त वाटला. पहिला गिअर, ब्रेकला पायच नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. पण माळशेज घाटात ओल्या डांबरावर याच भरवशावर वेग वाढवणारे बघितले की भीती वाटते. चार चाकांची ओढ गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. थांबणं टायरवर आहे, म्हणून टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि फोर बाय फोरला चारही टायर एका मापाचे, साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असं केलं, तर फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतात.

त्याच कारणासाठी कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर एच टाकायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला काटतात आणि या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमधला तो फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल नाही. चिखलात टायर थोडा घसरून तो फरक भरून काढतो. काँक्रीटवर घसरायला जागा नसते, सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो. आम्ही दर महिन्याला वाडीच्या कच्च्या रस्त्यावरच फोर एच आणि थोडा वेळ फोर एल चालवतो, पाऊस असो वा उन्हाळा. तेवढ्यावर यंत्रणा जागी राहते.

ओढे ओलांडताना एक काळजी घ्या. लांबून चालवून आणलेले डिफरन्शियल आणि हब तापलेले असतात. तशीच गाडी थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबून मग पाण्यात उतरायचं, आणि डिफरन्शियलच्या ब्रेथरच्या (आतली हवा आत-बाहेर करणाऱ्या) नळ्या चिखलाने बुजल्या नाहीत ना ते बघायचं. पावसाळा संपल्यावर गाडी रॅम्पवर घेऊन खालून धुणं, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस, चासीच्या सांध्यांवर गंजरोधक कोटिंग हे आम्ही केलं. धुताना प्रेशरचा पाइप रबरी बुटांवर आणि सीलवर रोखून धरू देऊ नका. ठाण्यात, नवी मुंबईत खाडीची खारी हवा बाराही महिने असते. ऐरोली-वाशीकडच्या उघड्यावर उभ्या गाड्यांच्या चासी मी पाहिल्यात, त्या घाटावरच्या गाड्यांपेक्षा कितीतरी लवकर गंजतात. नाशिकची गाडी शोधण्यामागे तेही कारण होतं.

शहरात वापरायला ही गाडी जड आहे, हे मान्य करूनच घ्यावी. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामातल्या कोंडीत क्लचवर पाय दुखतो. लिटरला दहा-अकरा मिळतात, हायवेला तेरापर्यंत. सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगमध्ये उंचीमुळे बसली नाही, खाली उघडी जागा मागून घ्यावी लागली. तुमच्याकडे तशी पार्किंग असेल तर आधी टेप घेऊन मोजा. वंदना टॉकीजजवळ पाणी साचलं की उंच गाडी असूनही मी लांबचा रस्ता घेते. इंजिनात पाणी ओढलं जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं, आम्ही घेतलंय. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची.

ज्यांचा रस्ता बाराही महिने डांबरी आहे त्यांनी हीच गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये घ्यावी. वजन कमी, ॲव्हरेज बरं, देखभालीचे काही भाग कमी. फोर बाय फोर घ्यायचीच असेल तर मात्र पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जा. मे महिन्यात सगळ्या गाड्या कोरड्या आणि पॉलिश केलेल्या असतात. पावसात दाराचं रबर गळतंय का, कार्पेट ओलं होतंय का, वायपरची मोटर दमतेय का ते समोरच दिसतं, आणि फोर एच टाकून बघायला चिखलही डीलरच्या दारातच मिळतो.