ट्रेनरकडून प्रोटीनचा डबा घेताय? माझे 25,730 रुपये कसे गेले ते आधी वाचा

लिहू की नको यात पंधरा दिवस गेले, कारण पूर्ण आकडा अजून घरात कुणाला सांगितलेला नाही. पण परवा त्याच जिममधून एक कॉलेजचा पोरगा तोच काळा डबा काखेत मारून बाहेर पडताना दिसला आणि रात्रभर झोप लागली नाही.

मी परळला राहतो. डेंग्यूनंतर बाबांचं वजन 61 वरून 55 वर आलं, जिना चढताना पाय लटपटायचे. डॉक्टर म्हणाले या वयात रोज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, म्हणजे बाबांना साठेक ग्रॅम. बाबा माळकरी, अंडी-मासे घरात बाबांपुरते वर्ज्य, आणि वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच्या वर काही मिळत नाही. वर डायबेटिस, त्यामुळे भात वाढवायची सोय नाही. मी स्वतः तेव्हा जिमला जायचो, म्हटलं व्हे प्रोटीन दुधाचंच असतं, दोघांनाही चालेल. यात माझं काय चुकलं सांगा! व्हे ही वाईट गोष्ट नाहीच, पनीर केल्यावर जे पाणी उरतं त्यातलंच ते प्रोटीन, आणि स्नायू भरून यायला जे ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीनचाच एक घटक) लागतं ते त्यात भरपूर असतं.

ट्रेनर वर्षभर ओळखीचा. मला दादा म्हणायचा, बाबांची चौकशी करायचा. "दादा, दुकानात 7,800 चा डबा आहे, आपल्याकडे इम्पोर्टरकडून डायरेक्ट येतो, तीन घेतले तर 5,200 ला पडेल." 15,600 झाले. वर डाएट प्लॅनचे 6,000, ज्यात माझ्या 74 किलोला रोज 148 ग्रॅम प्रोटीन लिहिलं होतं, म्हणजे डबे लवकर संपावेत हाच हिशोब. साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतं असं आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते, नियमित व्यायाम करणाऱ्याला 1.4 ते 2 पर्यंत. त्याने थेट वरचं टोक धरलं. जास्तीचं प्रोटीन शरीर साठवून ठेवत नाही, त्यातल्या नायट्रोजनचा युरिया होऊन लघवीवाटे जातो, हे मला नंतर कळलं. पैसे त्याच्या बायकोच्या नंबरवर यूपीआयने मागितले, बिल "उद्या देतो".

आता ज्या गोष्टीने जीव जळतो ती. पहिला डबा मी उघडला तेव्हा आतली चंदेरी फॉइल एका बाजूला सुरकुतलेली होती, कडेला तपकिरी चट्टा, घरी इस्त्री टेकवून चिकटवल्यासारखी. मी ती बोटाने चाचपून पाहिली. पाहिली! त्याला फोटो पाठवला तर म्हणाला कंटेनरमध्ये गरम होतं दादा, आणि मी गप्प बसलो. स्टिकरवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, लायसन्स नंबर 13 आकडी होता. तो 14 आकडी असतो, साइटवर टाकून बघायला एक मिनिट लागतं. होलोग्राम खरवडून क्यूआर स्कॅन केला तर हिरवी टिकमार्क आली, पण ती साइटच बनावट माल बनवणाऱ्यांची, कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त. डब्यावरचा कोड स्कॅन करू नका, कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा.

आईला तर आधीच कळलं होतं. एकदा तिने बाबांसाठी कढत पाण्यात ढवळलं, ते नितळ विरघळलं आणि चमच्याला पाकासारखी तार आली. म्हणाली, "अरे हे तर गोड पेजेसारखं झालंय." खरं व्हे कढत पाण्यात दूध नासल्यासारखं गुठळ्या धरतं. मी तिलाच म्हटलं तुला यातलं कळत नाही. याची लाज कशी सांगू.

दोन महिन्यांत बाबांची जेवणानंतरची शुगर 168 वरून 284. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलंय, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रायव्हेट लॅबमध्ये 3,500 अधिक जीएसटी, 4,130 भरून तपासलं. 33 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 24 ग्रॅम प्रोटीन असं डब्यावर छापलंय, निघालं सातच्या आसपास. एका अंड्याएवढं. बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, जी रक्तात साखरेपेक्षाही झपाट्याने चढते. मी डायबेटिसच्या माणसाला रोज सकाळी हाताने ते पाजत होतो.

आणि तक्रार करायला गेलो तर काय. चौकीत साहेब म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना, मग सायबर गुन्हा कसा, आणि बिल कुठाय. दुसऱ्या सरकारी ऑफिसात हाफ डे टाकून गेलो, तिथे तीन टेबलं फिरवली, तिसऱ्या टेबलावरचा माणूस जेवायला गेलेला तो परत आलाच नाही. पुढच्या वेळी रिपोर्ट दाखवला तर प्रायव्हेट लॅबचा चालत नाही. अन्नसुरक्षा कायद्याचं 40 वं कलम मी वाचून गेलो होतो, गिऱ्हाइकाला फी भरून सरकारी ॲनालिस्टकडून माल तपासून घेता येतो. तर म्हणे, तपासून घेणार आहे हे विकत घेतानाच विकणाऱ्याला सांगायला लागतं. तसं कलमातच आहे! म्हणजे चोराला आधी कळवा की मी तुला पकडणार आहे. मग निवेदन द्या, त्याची पोच घ्या, पंधरा दिवसांनी या. गेलो, तर फाइल वर गेलीय. वर म्हणजे कुठे ते कुणी सांगत नाही. पाच फेऱ्या झाल्या, रजा माझ्या गेल्या, आणि तो ट्रेनर तिकडे स्टोरीला डबे टाकतोय.

बिलाशिवाय डबा घेऊ नका, माणूस भावासारखा असला तरी. पैसे पर्सनल नंबरवर नाही. घरच्या आजारी माणसासाठी घेत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बाबांना आता दोन्ही वेळा दूध, संध्याकाळी पनीर, आणि आई सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करते, शंभर ग्रॅम सुक्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रोटीन असतं. शुगर 190 वर आलीय. तिसरा डबा सीलबंद माळ्यावर ठेवलाय, ग्राहक आयोगात लागेल म्हणून. याच ट्रेनरकडून कुणी घेतला असेल तर डबा, फॉइल आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट टाकून देऊ नका, मला मेसेज करा, तक्रार एकत्र करू.