दोन फ्रिक्वेन्सीचा हँडहेल्ड जीपीएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. फिरणं मोकळ्या माळावरच असेल तर दोन फ्रिक्वेन्सीसाठी जादा पैसे मोजू नका. साध्या एल१ (एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकणाऱ्या) रिसीव्हरचा ट्रॅक आणि याचा ट्रॅक एकावर एक ठेवले तर आकार तोच दिसतो, फार तर अख्खी रेषा मीटर-दोन मीटर सरकलेली. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा कड्याच्या पायथ्याशी मात्र खेळ बदलतो. तिथे एल१चा ट्रॅक रस्ता सोडून इमारतींच्या आरपार जातो आणि याचा बहुतेक वेळा रस्त्यावर राहतो.

असं का? उपग्रहावरून निघालेला सिग्नल पोचायला किती वेळ लागला, एवढंच रिसीव्हर मोजतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, तिथून सिग्नल साधारण ७० मिलिसेकंदांत खाली येतो. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली की अंतरात ३० सेंटिमीटरची होते. हातातल्या यंत्राचं क्वार्ट्झ घड्याळ तेवढं पक्कं नसतंच, म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंचीबरोबर घड्याळाची चूकही सोडवावी लागते. चार अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह.

आता भिंतीवर आपटून आलेला सिग्नल लांबच्या वाटेने येतो आणि यंत्राला तो उपग्रह आहे त्यापेक्षा दूर वाटतो. एल१वरच्या (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) जुन्या नागरी कोडची एक ‘चिप’, म्हणजे कोडमधला एक ठोका, जवळजवळ २९३ मीटर लांब असतो. एल५वर, म्हणजे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर (११७६.४५ मेगाहर्ट्झ), तोच २९ मीटर. ठोका आखूड, त्यामुळे थेट आलेला सिग्नल आणि त्याचा पडसाद वेगळे ओळखता येतात. आयनोस्फिअरमधला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातला) उशीर दोन फ्रिक्वेन्सींवर वेगवेगळा असल्याने तोही हिशोबातून काढता येतो, पण गल्लीत जाणवतो तो पहिलाच फायदा.

एक अडचण: जीपीएसचे सगळे उपग्रह अजून एल५ पाठवत नाहीत. जुन्या पिढीतल्यांवर ती सोयच नाही. गॅलिलिओ या युरोपच्या प्रणालीचे पाठवतात. तेव्हा सेटिंगमध्ये ‘फक्त जीपीएस’ ठेवून दोन फ्रिक्वेन्सी चालू करणं म्हणजे अर्धंच यंत्र वापरणं. सगळ्या प्रणाली चालू ठेवा. बॅटरी लवकर उतरते, ते धरून चाला.

सर्वात जास्त तक्रारी ‘लोकेशन धरत नाही’ अशा असतात आणि त्यातल्या बऱ्याच वापरणाऱ्याच्या घाईमुळे. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट्स या गोगलगाईच्या वेगाने पाठवतो आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. मधेच झाडाखाली शिरलात आणि तुकडा हुकला, की पुढच्या फेरीपर्यंत थांबा. उपग्रहांच्या स्क्रीनवर हे दिसतं: काही यंत्रांत दांड्या आधी पोकळ असतात आणि माहिती पूर्ण उतरली की एकेक भरत जाते. सात-आठ भरेपर्यंत मोकळ्यावर, न हलता उभं राहायचं. फोन हीच माहिती इंटरनेटवरून उचलतो म्हणून तो चटपटीत वाटतो. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी त्यालाही हाच वेळ लागतो.

स्क्रीनवरच्या ‘± ३ मीटर’वर डोळे मिटून विश्वास नको. तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. पडसादाने फसलेल्या यंत्राला आपण फसलोय हे कळत नाही, त्यामुळे भिंतीला टेकून उभं राहिलं तरी आकडा छानच दिसू शकतो.

उंची ही कमजोर बाजू, कारण उपग्रह सगळे डोक्यावरच, पायाखाली एकही नाही. शिवाय काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची दाखवतात. हा फरक काही भागांत १०० मीटरच्या आसपास जातो. यंत्रात बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा) असेल तर सकाळी ज्ञात उंचीच्या ठिकाणी जुळवून घ्या. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल बदलला की उंचीत सुमारे ८ मीटर फरक पडतो, म्हणजे तुम्ही जागचे हललाही नाहीत आणि ढग आले की ‘चढाई’ सुरू.

थांबलात की रेकॉर्डिंग थांबवा. उभ्या जागी बिंदू थरथरत राहतो आणि अंतराच्या आकड्यात ती थरथर जमा होते. जमीन मोजायची असेल तर कडेने चालत जाण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर काही मिनिटं सरासरी घेतलेला बिंदू बरा. तरीही हद्दीच्या वादात हे आकडे पुढे करू नका, ते काम सर्व्हेच्या यंत्राचं.

कोऑर्डिनेट्स कुणाला पाठवताना पद्धत तपासा. २०.३० अंश आणि २० अंश ३० मिनिटं यांत जवळपास २२ किलोमीटरचं अंतर आहे. दशांशानंतर पाच आकडे पुरतात, पाचवा आकडा साधारण एक मीटर दाखवतो.

आणि हे यंत्र फक्त ऐकतं. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळत नाही, त्यामुळे मदत मागायला याचा उपयोग नाही. त्यासाठी संदेश पाठवणारं उपग्रह-यंत्र वेगळं घ्यावं लागतं.

धरायचं कसं, तर चपटा अँटेना असेल तर आडवं, वर खुंटीसारखा असेल तर उभं. छातीवर लटकवलं तर पाठीमागचं अर्धं आकाश तुमचं शरीरच अडवतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात, आकाशाकडे तोंड करून ठेवलं की ट्रॅक सुधारतो.