घरासाठी कमोड: घासायला सोपा कोणता, जिवाला घोर लावणारा कोणता

शोरूममध्ये रांगेनं मांडलेले सगळेच कमोड पांढरेशुभ्र आणि चकचकीत दिसतात. विक्रेता नॅनो कोटिंग, अँटी-बॅक्टेरियल ग्लेझ अशी नावं घेत सुटतो आणि किंमत चढत जाते. खरं सांगायचं तर बऱ्या कंपन्यांच्या साध्या ग्लेझमध्ये, म्हणजे चिनीमातीवरच्या चकचकीत थरात, आणि या महागड्या कोटिंगमध्ये घरच्या वापराला जाणवेल असा फरक फार थोडा. ही चिनीमाती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि आयएस २५५६ या भारतीय मानकाप्रमाणे तिनं ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषायचं नसतं. एवढं पाळलेलं असेल तर उघड्या पृष्ठभागावरची घाण ब्रशच्या दोन हातांत निघते. घाण साचून राहते ती ब्रश पोचत नाही आणि फ्लशचं पाणी फिरत नाही अशा जागी: रिमच्या खाली, सीटच्या बिजागऱ्यांपाशी, बुडाला जमिनीलगत आणि टाकीच्या मागच्या फटीत. त्यामुळे कोटिंगचे पैसे वाचवा आणि या जागा कमी असलेला आकार घ्या.

सुरुवात रिमपासून. जुन्या पद्धतीच्या कमोडला वरची कडा पोकळ असते आणि तिच्या खालच्या अंगाला असलेल्या भोकांतून पाणी येतं. ही खालची बाजू उभ्यानं दिसतच नाही. मोबाइलचा कॅमेरा रिमखाली धरून एक फोटो काढला की चार-पाच वर्षं वापरलेल्या कमोडची खरी अवस्था कळते. बोअरच्या पाण्यातला क्षार भोकांत बसतो, एका बाजूची भोकं बुजतात, फ्लश तिरका पडायला लागतो आणि कोरड्या राहिलेल्या बाजूला पिवळा थर धरतो. मग घरात सगळे म्हणतात, फ्लशला जोर नाही. टाकी बिचारी ठीक असते.

रिमलेसमध्ये ही पोकळ कडाच नसते. पाणी मागच्या तोंडातून निघून दोन्ही अंगांनी फिरत पुढे येतं, आणि कडेची आतली बाजू कापडानंही पुसता येते. साफसफाईच्या दृष्टीनं गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात कामाची सुधारणा आहे, असं आमचं स्पष्ट मत. मात्र नुसत्या ‘रिमलेस’ लेबलवर जाऊ नका. काही मॉडेलांना कडेला इंचभर आत वळलेली पट्टी असते आणि तिच्याखाली तीच जुनी कथा. बोटं आतून गोल फिरवून बघा. कुठेही अडकायला नकोत.

रिमलेसबद्दल दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली शिंतोड्यांची. पाणी गरजेपेक्षा जोरात आलं की ते कडेवरून उडतं. बऱ्याच टाक्यांच्या फ्लश व्हॉल्व्हला प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय किंवा सोबत रेस्ट्रिक्टरची चकती असते. बसवणारा ती पिशवीतच ठेवून जातो. टाकीऐवजी थेट नळीवर बसणारा फ्लश व्हॉल्व्ह असेल तर रिमलेस घेताना कंपनीकडून तो जोड चालतो का हे लेखी विचारा. दुसरी तक्रार, पुढचा भाग कोरडा राहण्याची. ती मॉडेलवर अवलंबून आहे आणि तपासायला सोपी आहे. युरोपच्या ईएन ९९७ मानकात यासाठी कमोडच्या आत लाकडाचा भुसा भुरभुरवून फ्लश करतात. दुकानात पाणी जोडलेला नमुना असेल तर मूठभर बारीक भुसा घेऊन जायला लाजू नका. दोन्ही बाजूंनी आणि समोर भुसा चिकटून राहिला तर ते मॉडेल सोडा.

यातच आकाराचा मुद्दा येतो. सध्या चौकोनी कमोडची चलती आहे. फोटोत देखणे दिसतात, पण आतून चारही कोपऱ्यांत पाणी नीट वळत नाही आणि तिथेच डाग धरतात. बाहेरून चौकोनी पण आतून गोलसर असेल तर हरकत नाही. पाण्याचा दिसणारा पृष्ठभाग किती मोठा आहे तेही बघा. आपल्याकडे मिळणारे बहुतेक कमोड वॉशडाउन पद्धतीचे असतात: पाण्याच्या रेट्यानं मळ पुढे जातो, ट्रॅप, म्हणजे मळ बाहेर जाण्याचं वळण, रुंद असल्यामुळे तुंबत कमी, पण पाण्याचा डबका लहान आणि मागची भिंत कोरडी. त्यामुळे ब्रश जास्त लागतो. सायफॉनिकमध्ये पाण्याच्या ओढीनं मळ खेचला जातो; डबका मोठा, डाग कमी, आवाजही कमी. पण मार्ग अरुंद. लहान मुलं ओले वाइप्स, खेळण्यातले ठोकळे आत टाकतात अशा घरात सायफॉनिकनं प्लंबरची ओळख वाढते. एकत्र कुटुंबाला वॉशडाउनच बरा. त्यातल्या त्यात मागची भिंत जास्तीत जास्त उभी आणि डबका मोठा असलेला निवडा.

आता बुडाकडे. आपल्या संडासात जेट स्प्रे, बादली-मग, फरशी धुणं यामुळे जमीन ओली राहते. परदेशी परीक्षणांत या गोष्टीचा विचारच नसतो. मागे नळीची वळणं उघडी दिसणारा जुना टू-पीस (टाकी आणि भांडं वेगळं) कमोड घेतला तर त्या खाचांत केस, धूळ आणि साबणाचं पाणी मिळून काळी चिखलपट्टी तयार होते. तिथे फक्त जुना टूथब्रश जातो. बाजू सपाट असलेला, ज्याला दुकानदार फुल स्कर्ट म्हणतात, तो एका ओल्या फडक्यात पुसून होतो. त्यात एकच मेख आहे. अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद करायचा छोटा नळ, कुठे येणार हे आधी ठरवावं लागतं. स्कर्टच्या मागे कॉक अडकला तर गळती लागल्यावर हात जात नाही आणि अख्खा कमोड काढावा लागतो. टाइल बसवण्याआधीच मॉडेलचा नकाशा प्लंबरच्या हातात द्या आणि कॉक स्कर्टच्या बाहेर, बाजूला घ्यायला सांगा.

बूड बसवताना पांढरं सिमेंट भरण्याची सवय अजून गेलेली नाही. ते सच्छिद्र असतं, लघवीचं पाणी शोषतं, सहा महिन्यांत पिवळं आणि मग काळं पडतं. कितीही घासा, वास तिथूनच येतो. त्याऐवजी बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन वापरा, आणि मागच्या बाजूला दोन-तीन इंच जागा मोकळी सोडा. कमोड मळाच्या नळीला जोडणारा खालचा कनेक्टर गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर दिसतं. चारी बाजूंनी बंद केलं तर ते बुडाखालीच मुरतं आणि पहिली खबर खालच्या मजल्यावरून येते.

भिंतीवर टांगलेला, म्हणजे वॉल-हंग कमोड या बाबतीत सरळ जिंकतो. खाली मोप सरकतो, खाच नाही, सांधा नाही. वजनाची भीती अनाठायी आहे. ईएन ९९७ मध्ये टांगलेल्या कमोडची चाचणी ४०० किलोवर होते. कमोड सहसा हलतो तो भिंत किंवा त्याला धरणारी लोखंडी चौकट कच्ची असल्यामुळे. साडेचार इंची विटेच्या भिंतीत टाकी बसवायला खाच पाडू नका. लोखंडी चौकट जमिनीला आणि मागच्या भिंतीला पक्की करून पुढे नवा कट्टा उभारा. खोलीची सहा ते आठ इंच लांबी जाते, पण वर ग्रॅनाइट टाकलं की सामान ठेवायला जागा मिळते. याची टाकी भिंतीआड लपलेली असते आणि तिचं सगळं दुरुस्तीकाम फ्लश प्लेटच्या (बटणांच्या पाटीच्या) खिडकीतून होतं, त्यामुळे सील आणि फिल व्हॉल्व्ह (टाकीत पाणी भरणारा) सुटे मिळतात का, तुमच्या गावात मिळतात का, हे खरेदीआधी विचारा. चौकट, टाकी, प्लेट आणि गवंडीकाम धरून खर्च साध्या वन-पीसच्या (टाकी आणि भांडं एकसंध) दुपटीपुढे सहज जातो. आणि जुन्या इमारतीत आउटलेट जमिनीत असेल तर ते भिंतीत घेण्यासाठी संक, म्हणजे संडासाची खोलगट स्लॅब, उकरून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं. नुसता कमोड बदलायचा असेल तर या भानगडीत पडू नये. फुल स्कर्टचा, एस-ट्रॅप (आउटलेट जमिनीत जाणारा), रिमलेस वन-पीस घ्यावा.

सीटकडे कोणी बघत नाही आणि निम्मा वास तिथेच असतो. बिजागरीच्या बुडाशी शिंतोडे जातात, वाळतात, पुन्हा ओले होतात. बटण दाबून किंवा वर ओढून पूर्ण सुटणारी सीट हवी. विक्रेत्याला ती काढून पुन्हा बसवून दाखवायला सांगा. त्यालाच जमली नाही तर घरी कोणाला जमणार? प्लास्टिकमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडची सीट कडक असते आणि तिच्यावर ओरखडे कमी पडतात. स्वस्त पॉलिप्रॉपिलीन लवकर पिवळं पडतं. बिजागरीचे स्क्रू स्टेनलेसचे असावेत. मुलामा दिलेले गंजतात आणि गंजाचा ओघळ कमोडवर उतरतो.

पाण्याबद्दल. मुंबईत तानसा-भातसाचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं धरणाचं पाणी येणाऱ्या घरात साधा कमोडही वर्षानुवर्षं चांगला राहतो. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत, किंवा अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पाण्याच्या रेषेवर पांढरं कडं धरणारच. तिथे गडद रंग किंवा मॅट फिनिश घेणं म्हणजे हौसेनं दुखणं विकत घेणं. काळ्या कमोडवर क्षाराचा प्रत्येक थेंब उठून दिसतो. मागच्या भिंतीवर सरळ खाली येणारा तपकिरी ओघळ दिसला तर दोष ग्लेझला देऊ नका. टाकी सतत झिरपते आहे. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. खाली रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हचं सील बदला. ते स्वस्तात होतं, आणि त्याशिवाय डाग घासणं व्यर्थ आहे.

बसलेलं कडं काढायला दारावर येणारं ॲसिड नको. ग्लेझला ते फारसं काही करत नाही, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि जेट स्प्रेचा क्रोम उडवतं. ब्रशनं रेटून डबक्यातलं पाणी कमी करा, लिटरभर गरम (उकळतं नव्हे, चिनीमाती तडकते) पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात भिजवलेले टिश्यू कड्यावर चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी नायलॉनच्या ब्रशनं निघतं. तारेची घासणी एकदा फिरली की ग्लेझला ओरखडे पडतात आणि पुढे घाण त्यांतच बसते. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. टाकीत टाकायच्या निळ्या किंवा क्लोरीनच्या वड्याही नकोत. त्या रबरी सील खराब करतात.

भारतीय पद्धतीचं भांडं, म्हणजे ओरिसा पॅन, धुवायला वाईट नाही, कारण लपलेलं असं त्यात काहीच नसतं. तळ सपाट असल्यामुळे पाणी मात्र जास्त लागतं. अँग्लो-इंडियन कमोड टाळा. वर पाय ठेवायच्या खाचा, खाली पोकळ रिम आणि वरून सीट, म्हणजे दोन्हीकडच्या अडचणी एकाच भांड्यात. विजेवरच्या स्मार्ट कमोडच्या बारीक नोझलमध्ये जड पाण्याचा क्षार अडकतो, त्यामुळे पाणी मऊ करण्याची सोय नसेल तर विषय संपला.

ऑर्डर देण्याआधी एक माप स्वतः घ्या: मागच्या भिंतीच्या टाइलपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत. एस-ट्रॅपला ते सहसा ९ किंवा १२ इंच भरतं. जुन्या घरात प्लास्टरपासून मोजलेलं माप वर टाइल चढल्यावर चुकतं. १२ इंचाच्या जागी ९ इंचाचा कमोड बसवला तर टाकीच्या मागे तीन इंचांची फट उरते, तिथे जळमटं होतात आणि हात जात नाही. उलट झालं तर कमोड बसतच नाही. मग प्लंबर ऑफसेट कनेक्टर (आउटलेट बाजूला सरकवणारा वाकडा जोड) घालून वेळ मारून नेतो आणि त्या वळणावर पुढे तुंबतं. माप जुळत नसेल तर दुसरं मॉडेल मागवा, कनेक्टर नको.