ईसीएम गेलाय म्हणे! जुन्या गाडीसाठी स्कॅनर, मीटर की बदली डबा?

‘ईसीएम (इंजिनवर ताबा ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय, बदलावा लागेल’ असं गॅरेजवाल्यानं सांगितलं की जुन्या सॅन्ट्रो-वॅगनआरचा मालक लगेच डब्याचा भाव विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं, ‘गेला हे कशावरून ठरवलं?’ ईसीएम स्वतःहून क्वचित मरतो. त्याला करंट न मिळणं किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर) सुटणं हे कितीतरी जास्त वेळा घडतं, आणि लक्षणं मात्र हुबेहूब तीच दिसतात.

निदानासाठी नाशकात दोन वाटा आहेत: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर, नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर.

स्कॅनर झटपट काम करतो, पण जुन्या गाडीत तो अर्धवटच उपयोगी. आपल्याकडे ओबीडी (गाडीनं स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवण्याची सोय) बीएस-४ या प्रदूषण-निकषांच्या काळात, २०१० पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असलं, तरी ऑनलाइन मागवलेला स्वस्त ब्लूटूथ रीडर तिच्याशी बोलेलच असं नाही. तिथं बहुधा कंपनीचाच स्कॅनर लागतो. पी०६०१ किंवा पी०६०६ असा कोड आला तर संशय थेट डब्यावर जातो. पण स्क्रीनवर नुसतं ‘कनेक्ट होत नाही’ आलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही. फ्यूज उडाला असला तरी हेच दिसतं.

मीटरवाला वेळ घेतो, पण माझा कौल त्यालाच. चांगला इलेक्ट्रिशियन सुरुवात बॅटरीपासून करतो: बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का, हे तो बघतो. तो लागतच नसेल तर आधी फ्यूज आणि ईसीएमला करंट जोडणारा मेन रिले (अर्थात, बल्बच उडालेला नाही ना, हेही). मग अर्थ. इथं नुसता ओहम मोजणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वायरीची एक तार शाबूत असली तरी रीडिंग छान येतं, लोड आला की खरं कळतं. इंजिन चालू असताना ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.१ व्होल्टच्या आसपासच फरक हवा.

यापुढची पायरी सगळ्यात मोलाची. सेन्सरना ईसीएम ५ व्होल्ट पुरवतो. ते गायब असतील तर घाईचा मेकॅनिक डबा मेला म्हणून मोकळा होतो. पण एखादा सेन्सर आतून शॉर्ट असला तरी ती लाइन खाली बसते. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जायचं. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले तर चोर सापडला, डबा निर्दोष. मात्र साधा बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींना कुणी लावू लागला, तर त्याला तिथंच थांबवा. त्यानं चांगला ईसीएमही जाऊ शकतो.

पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज धरला आहे का, हेही बघून घ्या. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडली नसेल, याची खात्री कुणी द्यावी! गाडी कसारा घाट चढताना तापून बंद पडते आणि गार झाल्यावर सुरू होते, अशी तक्रार असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का, हे ईसीएमला सांगणारा) आधी तपासा. बोर्डावरचं सुटलेलं सोल्डरिंग असंच वागतं, पण त्याचा नंबर नंतर.

हे सगळं करूनही बोट डब्याकडेच जात असेल, तर तीन पर्याय उरतात.

दुरुस्तीत तुमचाच बोर्ड परत येतो, म्हणून इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) भानगड नाही. फुगलेला कपॅसिटर, सुटलेला टाका, कॉइल किंवा इंजेक्टर चालवणारा जळालेला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर ही कामं होण्यासारखी असतात. प्रोसेसरच गेला असेल किंवा पाण्यानं बोर्डाचे ट्रॅक खाल्ले असतील, तर आशा कमी.

भंगारातला डबा स्वस्त पडतो, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत तो चावी ओळखत नाही, मग प्रोग्रॅमिंगचा खर्च वेगळा. ‘लावून बघू, नाही चालला तर परत’ हे बोलणं ठरल्याशिवाय मी तो घेणार नाही.

नवा डबा सगळ्यात महाग, आणि जुन्या मॉडेलला मिळेलच असं नाही. १५ वर्षांनंतर नुकतंच ५ वर्षांचं पासिंग झालंय, इंजिन दणकट आहे, तरच त्याचा विचार करा. नाहीतर दुरुस्तीच बरी.

यातलं काहीही निवडलं तरी इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर मीटरनं तपासून घ्या. जुन्या डब्यातला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेल्या कॉइलनं जाळला असेल, तर नवा डबाही त्याच वाटेनं जाईल. डबा काढण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, आणि लेबलचा फोटो काढून मगच तो दुरुस्तीला द्या.