एनएफएचएस-5 ची सांगली-सातारा पत्रकं: काय घ्यावं, काय सोडावं

माता-बाल आरोग्यावर प्रबंध घेतलेला जो तो आधी हेच उघडतो: एनएफएचएसच्या, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, पाचव्या फेरीचं (2019-21) जिल्हा पत्रक. फुकट, पानं मोजकी, 104 निर्देशक, चौथ्या फेरीचा आकडा शेजारच्याच रकान्यात. पहिल्या तीन महिन्यांतली तपासणी, 180 दिवस लोहाच्या गोळ्या, सरकारी-खासगी दवाखान्यातली सिझेरियन... एवढ्यापुरतं याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.

घोळ होतो तो मुलगा-मुलगी आणि जात या प्रश्नांवर.

जन्मावेळचं लिंग गुणोत्तर (हजार मुलग्यांमागे मुली) पत्रकात छापलेलं असतं आणि लोक तेच उचलतात. महाराष्ट्रात 31,643 घरं पाहिली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशेच्या आत. त्यांत पाच वर्षांचे 300 जन्म धरले आणि गुणोत्तर 940 आलं, तर खरा आकडा 750 पासून 1180 पर्यंत कुठंही असू शकतो. 'सांगली सुधारली' हा मथळा त्यावर टिकत नाही. 2011 च्या जनगणनेतलं सांगलीचं 867 (सातारा 895) हे सहा वर्षांखालच्या मुलामुलींचं आहे. त्याच्याशी तुलना तर नकोच.

मग जन्म नोंदणीकडे वळावं? संख्या मोठी, पण नोंद होते जन्माच्या ठिकाणी. मिरजेत कर्नाटकातल्या बायकाही येतात, कराडला आसपासच्या तालुक्यांतल्या, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. अर्जातला आईच्या राहत्या गावाचा रकाना लावून गाळल्याशिवाय तालुकावार तक्ता करू नये.

जात त्या अर्जात नाहीच, धर्म आहे. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहितात, म्हणून 2021 साली लाख जिवंत जन्मांमागे काळ्या मातांचे 69.9 आणि गोऱ्यांचे 26.6 मृत्यू झाले हे तिथं सांगता येतं. आपल्याकडं हाच प्रश्न नोंदणीला विचारता येत नाही.

जिल्हा पत्रकातही जातवार फोड नाही. ती हवी तर कच्चा डेटा मागवावा. त्यात 'एस116' हा जातीचा रकाना आहे. पुणे विभागाचे पाचही जिल्हे एकत्र करा, म्हणजे तपासण्यांपुरती तुलना उभी राहते. पहिल्या वर्षातल्या बालमृत्यूंना तेवढंही पुरत नाही. राज्याचा दर हजारी 23 च्या घरात, म्हणजे एका जिल्ह्याच्या 300 जन्मांमागे सातेक मृत्यू, पाच जिल्ह्यांत पस्तीसेक. त्यांची जात आणि लिंग अशी वाटणी काय करणार? तिथं राज्याच्या खाली उतरूच नये. आणि मुलामुलींचे दर सारखे दिसले तरी खूश होऊ नका. पहिल्या वर्षात मुली मुळात जास्त तगतात, त्यामुळं बरोबरी म्हणजेच कुठंतरी हेळसांड.

पत्रकातला कंस मात्र पुसू नका. कंसातला आकडा 25 ते 49 जणींवरचा असतो, आणि त्याहून कमी असतील तिथं नुसती फुली. तक्ता एक्सेलमध्ये उतरवताना नेमके हे कंसच गळतात.