प्रोटॉक : जावात चोख, पायथनमध्ये अबोल

सर्व्हर जावात, विश्लेषण पायथनमध्ये आणि आयफोनचे ॲप स्विफ्टमध्ये अशी वाटणी असलेल्या प्रकल्पात माहितीची एकच रचना तीन ठिकाणी लिहावी लागते, आणि पुढे बदल करताना त्यांतली एखादी जागा हमखास राहून जाते. गूगलने २००८ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्सचा (माहिती बाइटांत बांधून साठवण्या-पाठवण्याच्या पद्धतीचा) ‘प्रोटॉक’ हा कंपायलर नेमकी हीच अडचण दूर करतो. रचना एका प्रोटो फाइलमध्ये लिहायची आणि हव्या त्या भाषेतला कोड तयार करून घ्यायचा. जावा, सी++, पायथन, सी शार्प, रुबी यांची सोय मूळ साधनातच आहे. गो आणि स्विफ्टसाठी वेगळे प्लगइन बसवावे लागते.

टायपिंग वाचते हा फायदा माझ्या मते दुय्यम आहे. खरे मोल प्रत्येक फील्डला, म्हणजे रचनेतल्या एकेका घटकाला, द्याव्या लागणाऱ्या क्रमांकाचे आहे. पाठवलेल्या बाइटांत फील्डचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, त्यामुळे १ क्रमांकाच्या फील्डमधली १५० ही संख्या अवघ्या ३ बाइटांत मावते. १ ते १५ या क्रमांकांना एकच बाइट लागतो, म्हणून ते सतत वापरल्या जाणाऱ्या फील्डांसाठी राखावेत. काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक ‘रिझर्व्ह्ड’ म्हणून नोंदवणेही आवश्यक आहे, नाहीतर तोच क्रमांक नव्या फील्डला दिला जातो आणि जुना प्रोग्राम नवी माहिती जुन्या अर्थाने वाचतो.

तयार होणाऱ्या कोडचा दर्जा मात्र भाषेगणिक बदलतो. जावात बिल्डरसह (ऑब्जेक्टमध्ये माहिती भरून ते घडवणाऱ्या क्लाससह) न बदलणारे ऑब्जेक्ट मिळतात. कोड लांबलचक असतो, पण कंपायलर चुका पकडतो. पायथनमध्ये अलीकडच्या आवृत्त्यांत क्लास प्रोग्राम चालू झाल्यावर घडवले जातात, त्यामुळे तयार झालेली फाइल उघडली तरी फील्डे दिसत नाहीत आणि एडिटरही काही सुचवत नाही. फील्डे आणि त्यांचे प्रकार एडिटरला सांगणारी ‘पीवायआय’ फाइल काढण्याचा पर्याय दिल्यास हा त्रास कमी होतो. तो मुळातच चालू का नसावा, हे कळत नाही.

प्रोटो ३ मध्ये, म्हणजे प्रोटो फाइल लिहिण्याच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणखी एक मेख आहे. साध्या अंकी फील्डमध्ये शून्य असेल तर ते पाठवलेच जात नाही, म्हणजे विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाले की गुण भरायचेच राहिले, हे समोरच्याला ओळखता येत नाही. अशा फील्डांना ‘ऑप्शनल’ लावावे.

सगळे काम एकाच भाषेत असेल तर जेसॉन, म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत, पुरेसे आहे. दोनहून अधिक भाषा असतील तर प्रोटॉक जरूर घ्यावा, मात्र त्याची आणि प्रत्येक भाषेतल्या रनटाइम लायब्ररीची (तयार झालेला कोड चालताना ज्यावर अवलंबून असतो तिची) आवृत्ती बिल्डमध्ये पक्की करूनच.