सीरम-फ्री मीडियम: आठ महिने वापरल्यावर, तिसऱ्या बाटलीच्या निमित्ताने

मीडियमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, तिसऱ्या बाटलीने दगा दिला म्हणून लिहायला बसले. दिवाळीत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

जळगावात आम्ही नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ पेशी, म्हणजे ज्यांपासून रक्तातल्या बाकीच्या पेशी बनतात त्या, वाढवतो. आधी त्यात गाईच्या गर्भातल्या वासराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, घालायचो. पेशी भराभर वाढायच्या, पण दहा दिवसांत बहुतेक मोठ्या होऊन आपापल्या वाटेला लागायच्या, मूळपेशी म्हणून उरायच्या थोड्याच. सीरममध्ये टीजीएफ-बीटासारखी संदेश देणारी प्रथिनं असतात, ती मूळपेशींना दाबून ठेवतात. आणि त्यांचं प्रमाण दर लॉटला वेगळं.

सीरम-फ्रीवर आल्यावर पहिला आठवडा जीव टांगणीला लागला होता. गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्या की गुठळ्या व्हायच्या, धुताना निम्म्या नळीच्या भिंतीलाच चिकटायच्या. सीरमची प्रथिनं प्लॅस्टिकवर थर धरतात, तो थरच आता नव्हता. अँटिबायोटिकही निम्म्यावर आणावं लागलं. पण दहाव्या दिवशी बारीक, गोल, चकचकीत पेशी दिसल्या. मिथाइलसेल्युलोजच्या घट्टसर जेलमध्ये १४ दिवस ठेवल्यावर विटकरी लाल कॉलन्यांचे, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहतींचे, झुबके उमटले तेव्हा सगळ्या खोलीला बोलावून दाखवले.

नंदुरबारकडच्या पाड्यांवर सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, मुलं पाहिली असतील तर हा आटापिटा कशासाठी ते कळेल. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या जीन-उपचारात रुग्णाच्याच सीडी३४ पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून परत देतात. बाहेर असताना त्यांचं मूळपण टिकलं पाहिजे.

मग जानेवारीत तिसरी बाटली आली, लॉट नवा. पाचव्या दिवशी पेशी मरगळल्या. डीलरला फोन केला तर म्हणे, "ताई, तुमच्याकडच्या उन्हात माल खराब झाला असेल." जानेवारीत? पहाटे स्वेटर घालून मी स्वतः तो डबा उतरवून घेतला होता, आत बर्फ होता. नंतर दोष आमच्या फ्रीजला, मग इन्क्युबेटरला. दोन महिने हेच.

काटकसर कामी आली. मी बाटली एकदाच वितळवून ४० मिलीच्या नळ्यांत वाटून ठेवते, थेंब वाया जाऊ देत नाही. जुन्या लॉटच्या तीन नळ्या शिल्लक होत्या. एकाच नाळेच्या पेशी निम्म्या जुन्यात, निम्म्या नव्यात, एकाच इन्क्युबेटरमध्ये लावल्या. जुन्यात वाढल्या, नव्यात नाही. फोटो पाठवल्यावर बाटली बदलून मिळाली.

पण माझा राग आता वेगळ्याच गोष्टीवर आहे. लेबलवर मोठ्या अक्षरांत सीरम-फ्री, आणि घटकांत बारीक अक्षरांत गाईचं अल्ब्युमिन! म्हणजे सीरममधलंच मुख्य प्रथिन. आमच्या लॉटला तेच नडलं असा माझा दाट संशय आहे. अल्ब्युमिन काढता येतं. २०१९ मध्ये मूळपेशींचे संशोधक नाकाउची यांच्या गटाने त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पारदर्शक गोंदात असतं तेच, वापरून उंदराच्या रक्त-मूळपेशी महिनाभरात २३६ ते ८९९ पट वाढवल्या. २०२३ मध्ये माणसाच्या नाळेतल्या पेशींसाठी दुसरं पॉलिमर घेऊन सायटोकाइनसुद्धा, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनंही, वगळली. सायटोकाइनवर आमचा किती खर्च होतो ते आठवून त्या रात्री मी तो शोधनिबंध दोनदा वाचला.

तसं अल्ब्युमिनविना मीडियम हाती येईतोवर हेच वापरणार, सीरमकडे परत जाणार नाही. घेणाऱ्यांनी लॉट नंबर वहीत लिहावा आणि जुन्यातली एक नळी राखून ठेवावी. माझ्याकडे दोन आहेत. बदलून आलेली बाटली सोमवारी त्यांच्याच शेजारी लावतेय.